पहाटे साडेपाचला सुरू झालेले घड्याळ

बरेच दिवस पडून राहिलेला जुना फोन चार्ज करून सुरू केला की त्यावर कधी कधी १ जानेवारी १९७० ही तारीख दिसते. सोबत वेळ असते पहाटे साडेपाचची. हीच तारीख एखाद्या फोटोच्या माहितीत सापडते, मेमरी कार्डावरून उतरवलेल्या फाइलवर सापडते, अर्धवट भरलेल्या ऑनलाइन अर्जाच्या पावतीवरही सापडते. दुरुस्तीवाला तारीख बदलून देतो आणि प्रश्न मिटतो. पण हा फोन तयार व्हायच्या कितीतरी आधीचा दिवस त्याला कुठून सुचला, हे एकदा तरी विचारावे असे आहे.

हे घड्याळ युनिक्सचे आहे. युनिक्स ही १९६९ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सीच्या बेल लॅब्जमध्ये जन्मलेली संगणकप्रणाली. वार, महिना, वर्ष यांचा हिशोब ती मनात ठेवत नाही. १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले, एवढा एकच आकडा ती जवळ बाळगते आणि आपण विचारू तेव्हा त्यातून तारीख काढून देते. बॅटरी पार उतरून वेळ हरवली की आकडा शून्यावर येतो. ग्रिनिचला मध्यरात्र असते तेव्हा आपल्याकडे साडेपाच वाजलेले असतात, म्हणून भारतात या घड्याळाचा शून्य क्षण पहाटेचा. अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्स आहे, आणि लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतले ते युनिक्सच्याच वळणावर. आयफोनची वंशावळही युनिक्सपर्यंतच जाते. त्यामुळे आठवडी बाजारात भाजीवालीच्या हातात जो फोन आहे, त्यातही तेच सेकंद मोजले जात आहेत.

सुरुवातीला हे मोजमाप असे नव्हते. १९७१ च्या पहिल्या युनिक्स पुस्तिकेत वेळ सेकंदाच्या साठाव्या भागात, १९७१ पासून मोजलेली आहे. त्या हिशोबाने बत्तीस बिटांचा आकडा सव्वादोन वर्षांतच भरून गेला असता. मग सेकंद आले आणि आरंभ १९७० ला नेला गेला. कोणत्याही समितीने, सरकारने किंवा धर्मपीठाने ठरवलेला हा शक नाही. प्रयोगशाळेतल्या चार-सहा माणसांनी सोयीसाठी तो ठरवला, आणि आज जगातल्या बहुतेक यंत्रांचा तोच शक आहे. तरीही त्यावर सण साजरे झाले. १४ फेब्रुवारी २००९ रोजी भारतात पहाटे ५ वाजून १ मिनिट ३० सेकंदांनी हा आकडा १२३४५६७८९० झाला, आणि जगातल्या अनेक शहरांत लोक तो क्षण पाहायला एकत्र जमले. पुढचा गोल आकडा, दोन अब्ज, १८ मे २०३३ ला सकाळी ९ वाजून ३ मिनिटे २० सेकंदांनी येईल. ३१ डिसेंबर २०१५ ला फेसबुकने कित्येकांना मित्रांशी असलेल्या सेहेचाळीस वर्षांच्या मैत्रीबद्दल अभिनंदन कळवले होते. ती मैत्रीही याच शून्यातून मोजली गेली असणार, कारण ग्रिनिचचा शून्य क्षण अमेरिकेत ३१ डिसेंबर १९६९ च्या संध्याकाळी पडतो. आणि १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद, ही वेळ आमच्या वर्गातल्या मुलांनी वहीत लिहून ठेवली आहे. जुन्या बत्तीस बिटांच्या यंत्रांचा आकडा तेव्हा भरेल. नवी यंत्रे चौसष्ट बिटांची आहेत, त्यांना धोका नाही. जुनी, भिंतीत आणि खांबांवर बसवून विसरलेली यंत्रे मात्र तोपर्यंत शोधून बदलावी लागतील. आज शाळेत असलेली मुले तेव्हा नोकरीत असतील, आणि हे काम त्यांच्यातल्या कोणाकडे तरी येईल.

रोजच्या वापरात अशा सापडणाऱ्या युनिक्सच्या खुणांची ही पुस्तिका आहे. ती शहापुरात तयार झाली. नागपूर–भंडारा महामार्गावरच्या या गावात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि जवळच जवाहरनगरची आयुध निर्माणी. मी इथे संगणक शिकवतो. मोहाडी, लाखनी, पवनी भागातल्या धानाच्या गावांतून मुले येतात. युनिक्स त्यांना भेटते ते परीक्षेच्या पेपरात, प्रश्न क्रमांक आणि गुण यांच्या मधोमध. कमांड पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरल्या जातात. त्यांना युनिक्स आवडू लागले ते खुणा सापडायला लागल्यावर. म्हणून माझे म्हणणे स्पष्ट आहे: युनिक्समधला खेळ ही वरून पेरलेली कोथिंबीर नव्हे. तो काढला तर युनिक्स का आणि कसे घडले हेच कळत नाही.

युनिक्सचा जन्मच पाहा. बेल लॅब्जमधल्या केन थॉम्पसन यांनी 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा एक खेळ लिहिला होता: सूर्यमालेत यान चालवायचे आणि ग्रहांवर उतरवायचे. मोठ्या संगणकावर त्याचा एक डाव सुमारे ७५ डॉलरला पडे. म्हणून त्यांनी कोपऱ्यात पडलेले पीडीपी-७ हे जुने, लहान यंत्र शोधले आणि खेळ त्यावर आणला. त्या खटपटीत यंत्राची नस सापडली. १९६९ च्या उन्हाळ्यात पत्नी लहान बाळाला घेऊन कॅलिफोर्नियाला गेली होती, तेवढ्या आठवड्यांत थॉम्पसन यांनी प्रणालीचा पहिला सांगाडा उभा केला. डेनिस रिची साथीला होते. बेल लॅब्जने नुकताच सोडलेला 'मल्टिक्स' हा अवाढव्य प्रकल्प सगळ्यांच्या मनात ताजा होता. त्याच्यावर कोटी करून ब्रायन कर्निंघन यांनी नाव सुचवले, 'युनिक्स'. रिचींनी 'सी' भाषा घडवली आणि १९७३ मध्ये युनिक्स तिच्यात नव्याने लिहिले गेले. पुढचा इतिहास मोठा आहे आणि इतरत्र चांगला लिहिला गेला आहे, म्हणून इथे थांबतो.

आमच्या मुलांना सर्वांत आधी सापडलेली खूण इतिहासातली नव्हती, व्हॉट्सअ‍ॅपमधली होती. दुसऱ्याचे स्टेटस उतरवून घ्यायचे तर फोनमधले 'स्टेटसेस' नावाचे लपलेले फोल्डर उघडावे लागते, हे इथल्या दहावीच्या पोरालाही माहीत आहे. त्या फोल्डरच्या नावाआधी एक टिंब असते. टिंब का? कारण युनिक्समध्ये टिंबाने सुरू होणारी नावे 'एलएस' ही कमांड यादीत दाखवत नाही. बेल लॅब्जमधले रॉब पाइक यांनी यामागची हकीकत सांगितली आहे. प्रत्येक फोल्डरमध्ये 'स्वतः' आणि 'वरचे फोल्डर' अशा दोन नोंदी टिंबांनी दाखवलेल्या असतात. त्या यादीत येऊ नयेत म्हणून कोणीतरी सोपी तपासणी लिहिली: पहिले अक्षर टिंब असेल तर सोडून द्या. त्यामुळे टिंबाने सुरू होणारे सगळेच दिसेनासे झाले, आणि लोक वस्तू लपवायला त्याचाच उपयोग करू लागले. त्या वेळी वाचवलेली एक ओळ आज लाखांदूरच्या पोराच्या फोनमध्ये स्टेटस लपवते आहे. मला हे फार विलक्षण वाटते.

सरकारी कार्यालयात काम करणाऱ्यांना दुसरी खूण भेटते. पत्ता चुकला की ईमेल परत येते आणि पाठवणारा असतो 'मेलर-डीमन'. त्याला घाबरायचे कारण नाही. भौतिकशास्त्रात मॅक्सवेलने कल्पिलेला एक अदृश्य सेवक आहे, तो बसून एकेक रेणू निवडत राहतो. एमआयटीतल्या संगणकवाल्यांनी पडद्यामागे अखंड राबणाऱ्या प्रोग्रामांना त्याचे नाव दिले, आणि युनिक्सने ते उचलले. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये नवे पत्र आल्याची वर्दी देणाऱ्या प्रोग्रामचे नाव 'बिफ' आहे. ते तिथल्या हायडी स्टेट्नर यांच्या कुत्र्याचे नाव. 'एलएस' ऐवजी घाईत 'एसएल' टाइप झाले तर पडद्यावरून वाफेचे इंजिन धावत जाते. तोयोदा मासाशी यांनी १९९३ मध्ये लिहिलेली ही गंमत पाहून वरठीजवळ भंडारा रोड स्थानकाशेजारी वाढलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले होते की मालगाडी का नाही. पुढे तिने स्वतःच डबे जोडून दिले. न्यू हॅम्पशायर राज्याच्या मोटारींच्या पाटीवर 'स्वतंत्र जगा किंवा मरा' असे ब्रीद असते. डीईसी कंपनीच्या अभियंत्यांनी त्या पाटीवर वाहनक्रमांकाच्या जागी 'युनिक्स' घालून तशा पाट्या परिषदांत वाटल्या, आणि त्यांच्यापैकी आर्मांडो स्टेट्नर यांच्या गाडीला तर खरोखरच तो क्रमांक होता.

थॉम्पसन यांचा जुना पासवर्ड २०१९ मध्ये उलगडला. बर्कलीच्या जुन्या फाइलींत तो सांकेतिक रूपात राहिला होता. निघाला तो 'पी/क्यू२-क्यू४!', म्हणजे बुद्धिबळात वजिरापुढचे प्यादे दोन घरे सरकवण्याची पहिली खेळी. थॉम्पसन यांचे 'बेल' हे बुद्धिबळयंत्र १९८० मध्ये संगणकांचे जगज्जेतेपद जिंकले होते. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकल्यावर आमच्याकडे पट मांडणारी मुले वाढली आहेत. पासवर्डची ही गोष्ट त्यांच्यासाठी मुद्दाम घेतली आहे.

आता ज्या खुणेसाठी ही पुस्तिका मराठीत हवी होती, ती सांगतो.

युनिक्समध्ये 'रेव्ह' नावाची छोटी कमांड आहे. ती ओळ उलटी करून देते. एका दुपारी वर्गातल्या एका मुलाने तिला 'शहापूर' दिले. उत्तर आले 'रूपाहश'. आपण तोंडाने उलटे म्हटले तर 'रपूहाश' म्हणू. मग 'पू'चा ऊकार 'र'ला कसा गेला आणि 'हा'चा काना 'प'ला कसा? कारण संगणकासाठी 'शहापूर' ही चार अक्षरे नाहीत. श, ह, काना, प, ऊकार, र अशी सहा चिन्हे एका रांगेत आहेत. रांग उलटली की ऊकार 'र'च्या मागे येतो आणि त्याला चिकटतो. 'भंडारा' उलटा केला तर सुरुवातीलाच एक काना येतो. त्याला धरायला अक्षर नसते, म्हणून तो एका तुटक वर्तुळावर बसून दिसतो. मुले दिवसभर गावांची नावे उलटी करत राहिली. साकोली, तुमसर, पवनी, अड्याळ. व्याकरणाच्या तासाला स्वरचिन्ह आणि व्यंजन यांचा संबंध इतक्या आनंदाने कोणी शिकल्याचे मी पाहिले नाही.

मग 'डब्ल्यूसी' या मोजणाऱ्या कमांडकडे वळलो. ती चिन्हे मोजते तेव्हा 'शहापूर' सहा भरते, बाइट मोजते तेव्हा अठरा. माणूस मोजतो तेव्हा चार. तीनही उत्तरे बरोबर आहेत. चिन्हाला तीन बाइट का लागतात हे विचारताच गाडी पुन्हा थॉम्पसनपाशी येते. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक न्यू जर्सीतल्या एका साध्या खाणावळीत जेवत होते. जगातल्या सर्व लिप्या बाइटांत कशा मांडायच्या याची एक पद्धत त्यांनी टेबलावर ताटाखाली घालायच्या कागदावर आखली. तीच यूटीएफ-८. काही दिवसांतच त्यांनी आपली 'प्लॅन ९' ही प्रणाली तिच्यावर आणली, आणि जानेवारी १९९३ मध्ये सॅन डिएगोच्या युसेनिक्स परिषदेत ती मांडली. आज आपण फोनवर मराठीत जे लिहितो, लग्नपत्रिका, ग्रामसभेची सूचना, शाळेच्या गटावरचा निरोप, ते जवळजवळ सगळे या पद्धतीने जाते.

तिचे सौंदर्य एका नियमात आहे. देवनागरी चिन्हाच्या तीन बाइटांपैकी एकही बाइट जुन्या इंग्रजी चिन्हांच्या टापूत येत नाही. युनिक्स फोल्डरांची नावे तिरक्या रेघेने तोडते. मराठी नावाच्या पोटात चुकून तिरक्या रेघेचा बाइट आला असता तर फाइल सापडली नसती. तो येतच नाही. त्यामुळे देवनागरीचा विचारही न करता सत्तरच्या दशकात लिहिलेल्या कमांडांना 'सातबारा' नावाची फाइल देता येते, आणि 'ग्रेप'ला त्यात 'गट क्रमांक' शोधायला सांगता येते. ज्यांनी शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या काळात कार्यालयांत काम केले, त्यांना याची किंमत माहीत आहे. तेव्हा पडद्यावर मराठी दिसे, पण आत इंग्रजी चिन्हेच असत. फाँट बदलला की अर्थ जाई, आणि शोध तर घेताच येत नसे. अशी मराठी किती हार्डडिस्कांवर अडकून पडली आहे याचा विचार आला की वाईट वाटते.

युनिक्सची दुसरी एक कल्पना आमच्या भागात लगेच समजते. डग्लस मॅकिलरॉय यांनी प्रोग्राम एकमेकांना जोडावेत असे १९६४ मध्येच लिहून ठेवले होते. १९७३ मध्ये थॉम्पसन यांनी ते एका रात्रीत करून दिले. त्याला पाइप म्हणतात. भंडाऱ्यात कोहळी समाजाने बांधलेले मालगुजारी तलाव पाहिलेल्या माणसाला पाइप शिकवावा लागत नाही. वरचा तलाव भरला की सांडव्यातून पाणी खालच्या तलावात जाते, तिथून त्याच्याही खालच्या, आणि प्रत्येक तलाव आपापल्या पाळीखालचे धान भिजवतो. कोणत्याही तलावाला संपूर्ण माळेचा विचार करावा लागत नाही. एका गटाने असेच केले: शब्दांची यादी, मग 'सॉर्ट', मग 'युनिक', मग पुन्हा 'सॉर्ट', आणि आपल्या निबंधात कोणता शब्द सर्वाधिक वेळा आला ते काढले. दुसऱ्या गटाने मजकुरात अदलाबदल करणारा 'सेड' घेतला. आमच्या भागातल्या झाडीबोलीत 'ळ' नाही, त्या जागी 'र' येतो, 'ण'च्या जागी 'न'. डोळा म्हणजे डोरा. दोन छोट्या सूचना लिहून त्यांनी पाठ्यपुस्तकातला उतारा पाइपमधून सोडला. बाहेर पडले ती झाडीबोली नव्हती, कारण बोली म्हणजे दोन अक्षरांची अदलाबदल नव्हे. क्रियापदे वेगळी, शब्द वेगळे, हेल वेगळा. पण आपल्या आजीच्या बोलण्याला नियम आहे, आणि तो नियम यंत्राला सांगता येतो, हे त्यांना त्या दिवशी दिसले.

युनिक्स आपल्याकडे परके राहिलेले नाही. १९८४ च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर बँकांत संगणक शिरले, आणि त्या यंत्रांत युनिक्सवर चालणारी पुष्कळ होती. काउंटरपलीकडच्या काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरे ज्यांना आठवतात त्यांनी ते पाहिलेही असेल. १९८६ मध्ये अर्नेट हे शिक्षणसंस्थांचे जाळे सुरू झाले. त्यात मुंबईच्या जुहूतील एनसीएसटी ही संस्था होती. तिच्या एका यंत्राचे नाव होते 'शक्ती', बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या एका यंत्राचे 'विज्ञान'. यंत्रांना माणसांसारखी नावे ठेवण्याची युनिक्सवाल्यांची हौस आपल्या लोकांनी अशी आपली करून घेतली. आणि विदर्भाचे स्वतःचे देणे आहे: नागपूरचे यशवंत कानेटकर. 'लेट अस सी' आणि 'युनिक्स शेल प्रोग्रामिंग' या त्यांच्या पुस्तकांवर देशभरातली मुले शिकली. कर्निंघन यांनी रूढ केलेला 'हॅलो, वर्ल्ड' छापणारा पहिला प्रोग्राम आमच्यापैकी पुष्कळांपर्यंत कानेटकरांच्या हातून पोहोचला आहे.

एक खूण इतिहासाच्या शिक्षकांसाठी. 'कॅल ९ १७५२' असे टाइप केले तर सप्टेंबर १७५२ ची दिनदर्शिका येते, आणि तीत २ तारखेनंतर थेट १४ येते. ब्रिटनने त्या महिन्यात जुनी कालगणना सोडून नवी घेतली आणि अकरा दिवस गाळले; युनिक्स लिहिणाऱ्यांनी तो बदल कमांडमध्ये जसाच्या तसा उतरवला. पण तेव्हा नागपुरात पहिले रघूजी भोसले होते, आणि इकडे पंचांग चालत होते. त्या अकरा दिवसांत इथे तिथी उलटत राहिल्या, व्यवहार होत राहिले, जमाखर्च लिहिले गेले. ही कमांड चालवून मुलांना विचारावे की हे दिवस कोणाचे गेले आणि कोणाचे नाही. उत्तराला एक तास पुरत नाही.

पुस्तिकेत काय नाही तेही सांगून टाकतो. संपूर्ण युनिक्स शिकवण्याचा हा प्रयत्न नाही. सर्व्हर चालवणे, सुरक्षा, परवाने हे विषय आलेले नाहीत. शिकायचे असेल त्यांच्यासाठी मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतही आहेत, आणि ते चांगले आहेत. प्रस्तावनेत कमांडांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. आतल्या पानांवर ती जशी टाइप करायची तशी छापली आहेत. संगणक नसला तरी अडत नाही. अँड्रॉइडवर 'टर्मक्स' घातले की बहुतेक प्रयोग फोनवरही होतात.

शेवटचा भाग अजून पुरा झालेला नाही. १९७९ च्या युनिक्समध्ये 'फॉर्च्युन' नावाचा प्रोग्राम होता. तो दर वेळी साठ्यातले एखादे वचन काढून दाखवतो. आम्ही त्याच्यासाठी झाडीबोलीतल्या म्हणी, कोडी आणि उखाणे गोळा करतो आहोत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या झाडीबोली शब्दकोशाचा लिहिताना मोठा आधार झाला, पण खरा साठा घराघरांत आहे. फाइल साध्या मजकुराची असते. एक म्हण लिहायची, खालच्या ओळीवर फक्त टक्क्याचे चिन्ह द्यायचे, मग पुढची म्हण. सर्व झाल्यावर 'स्ट्रफाइल' चालवून सूची करायची. म्हण जशी कानावर पडली तशीच लिहावी, 'र'चा 'ळ' करू नये, आणि ती कोणत्या गावी ऐकली ते खाली नोंदवावे.